बी ताजं असताना

ताईने टेबलावरची सुरी उचलली आणि एप्रनच्या खिशात टाकली.

"ताई, सुरी दे," धाकटा म्हणाला.

"आधी बस. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या."

तो बसला नाही. दोघांच्या मध्ये ओल्या शेवाळावर ते फळ ठेवलेलं होतं. लिंबाहून जरा मोठं, अंगावर तपकिरी मखमली लव, एका बाजूला उकलू पाहणारी शिवण. डोंगरमाथ्यावर, जिथे ढग झाडांमधूनच वाहतात, तिथल्या एकुलत्या एका झाडावरून ते आज उतरवलं होतं. तसं दुसरं झाड कुणालाच सापडलं नव्हतं. तीन वर्षं बहीणभाऊ त्याच्या मागे होते. पानं मिळाली, फुलं मिळाली. फळं मात्र दर खेपेला माकडांनी आधीच फस्त केलेली. हे एक हाती लागलं, तेही धाकट्याने दोराला लोंबकळत, कोपर सोलवटून घेत काढलं तेव्हा.

आणि आता त्याच फळावरून दोघांचं जुंपलं होतं.

ताई रोपवाटिका चालवायची. अशा झाडांचं बी चार दिवसांत मरतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिला ते आजच रुजत घालायचं होतं. धाकटा वनस्पतिशास्त्रज्ञ. त्याला बी कापून आतली दलं, डाळिंब्यांसारख्या त्या दोन फाका, पाहायची होती. ती सपाट निघाली, तर हे झाड म्हणजे पायथ्याशी पैशाला पासरी उगवणारंच एक. घडी पडलेली निघाली, तर ते जगावेगळं, आजवर कुणी न नोंदलेलं.

"उद्या यंत्रं वर चढतायत," तो म्हणाला. "रस्ता बरोबर त्या झाडाच्या कड्यावरून जातोय. संध्याकाळपर्यंत झाडाचं वर्णन गेलं नाही, तर वनखात्याचे साहेब रस्त्याच्या समितीपुढे काय दाखवणार? नाव नसलेल्या झाडासाठी रस्ता कोण वळवणार, ताई?"

"लहानपणी माझ्या बाहुलीचं पोट फाडलंस, आत काय आहे बघायला. अजून तेच चाललंय तुझं."

"तीन कप्पे असतील त्यात. तीन बिया. एक मला, दोन तुला. मग तर झालं?"

ताई क्षणभर घुटमळली. मग फळ हातात घेऊन, सुरी न लावता, अंगठ्याच्या नखाने तिने शिवण उकलली.

पहिला कप्पा रिकामा होता. दुसऱ्यात नुसतं चिपाड. तिसऱ्यात एकच बी होतं, वाटाण्याएवढं.

तेवढ्यात फोन वाजला. धाकट्याने तो कानाला लावला.

"हो साहेब. पाठवतो. हो, आजच." त्याने फोन ठेवला आणि वळून पाहिलं, तर ताई खोलीत नव्हती. बीही नव्हतं.

तो मागच्या दाराने धावला. "ताई! अगं, वेडी झालीस का?"

ती रोपवाटिकेच्या टोकाला, ओल्या वाळूच्या कुंडीपाशी उभी होती. वाळू तिने कालच चाळून ठेवली होती. बोटाने भोकही पाडून झालं होतं. फक्त बी सोडायचं बाकी होतं.

"पुढे येऊ नकोस," ती म्हणाली.

तो होता तिथेच थांबला. कुंडीच्या मागे तिची जुनी रोपं ओळीने उभी होती. कंबरेएवढी झालेली, पानं तुकतुकीत, एकालाही कीड नाही. त्यांचं रान धरणाच्या पाण्याखाली गेलं, त्याच्या आदल्या हंगामात तिने त्यांच्या बिया गोळा केल्या होत्या. तिने तीनदा कुंड्या बदलल्या होत्या, तरी मुळं बुडाच्या भोकांतून बाहेर येऊन एकमेकांत गुंतली होती. एकाही झाडाला कधी कळी आली नव्हती. खालच्या उन्हात ती येणारही नव्हती. कुठे न्यायची ती, हे ती किती जणांना विचारून दमली होती.

ताई त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने मूठ मिटली आणि भावाच्या अंगावरून, त्याच्याकडे न बघता, आत गेली.

तो मागोमाग आला तेव्हा बी काचेच्या बशीत होतं आणि सुरी त्याच्या बाजूला.

"घे."

धाकट्याने सुरी घेतली. टोक बियावर टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. सगळी सकाळ दोर धरून त्याची बोटं बधिर झाली होती. की आणखी कशाने, कोण जाणे.

"हात बघ कसे थरथरतायत. चेंदा करशील त्याचा. सरक."

कलमं बांधण्यात तिचं आयुष्य गेलेलं. तिने बी चिमटीत धरलं, श्वास रोखला आणि एकाच दाबात त्याचे दोन सारखे भाग केले. बशी त्याच्याकडे सरकवून ती खिडकीशी जाऊन उभी राहिली.

तो सूक्ष्मदर्शकावर वाकला. बराच वेळ त्याने मान वर केली नाही.

"घडी आहे," शेवटी तो म्हणाला. "ताई, दुहेरी घडी आहे! अशी मी कुठेच पाहिली नाही."

त्याने साहेबांना फोन लावला. पलीकडून मोठमोठ्याने बोलणं ऐकू येत होतं. एवढ्यावर काम थांबवता येईल, निदान सुनावणी होईपर्यंत तरी, लगेच पाठव. ताईने ते ऐकलं, मान डोलावली आणि रोपांना पाणी घालायला गेली.

ती परतली तेव्हा धाकट्याचं लिहिणं जवळजवळ संपलं होतं. फक्त एका ओळीशी तो अडला होता. बशीतले दोन्ही तुकडे आता स्पिरिटमध्ये होते आणि पांढुरके पडले होते.

"ताई," तो चाचरत म्हणाला, "बी ताजं असताना कुठल्या रंगाचं होतं गं? घाईत माझं लक्षच गेलं नाही."

ती एप्रनला हात पुसत राहिली.

"तांबूस. पिकल्या जांभळाला आत असतो ना, तसा. टोकाला पांढरा ठिपका." ती थांबली. "आणि जड होतं. पोकळ बी हाताला लगेच कळतं. हे चांगलं भरलेलं होतं."

धाकट्याने रंग लिहिला, ठिपकाही लिहिला. मग कुणी विचारलं नव्हतं तरी शेवटी 'भरलेलं' हेही लिहिलं.