पाच सेकंदांचा फरक

"हा बोरा वारा काय फक्त माझी मान शोधत फिरतो?" बार्बा लिव्हियो माझ्या कानाशी कुरकुरले.

वेधशाळेचा घुमट उघडा, मग वारा आत येणारच. मी माझी शाल त्यांच्या गळ्याभोवती गुंडाळली.

"मी काय बाळंतीण आहे?" ते म्हणाले, पण शाल काढली नाही.

आमच्या इस्त्रियातल्या या टेकडीवर सगळे त्यांना बार्बा म्हणतात, म्हणजे काका. आमचा जुना कॅमेरा वेळ नोंदवत नाही. शटर उघडताक्षणी डिजिटल घड्याळाचे लाल आकडे मोठ्यानं वाचायचे, हे पंचवीस वर्षं बार्बांचं काम. नेव्हिया ते टाइप करते. फोटोत लघुग्रहाचा ठिपका शोधून मोजते मी.

त्या रात्रीचा दगड चंद्राच्याही अलीकडून चालला होता. दोन तास दिसणार, मग कित्येक वर्षं नाही.

"तेवीस, बावन्न, तेरा!" बार्बा ओरडले.

पहिली पाच मोजमापं मी इतर वेधशाळांशी ताडून पाहिली. तीन चोख. उरलेली दोन मात्र पाच सेकंदांनी मागे. पाच सेकंदांत तो दगड पन्नास किलोमीटर पुढे गेलेला असतो.

"घड्याळच मागे पडतंय," नेव्हिया म्हणाली.

"वाऱ्यानं घड्याळाची वायर हलली असेल," मी म्हणाले.

वाऱ्याला नेमके पाचच सेकंद कसे मोजता येतात, हे आम्ही दोघींनीही विचारलं नाही. असाच फरक येत असल्यानं दोन महिने आम्ही ती वायर तपासत होतो. तेराच्या जागी अठरा हवे होते, तेहेतीसच्या जागी अडतीस. त्याचा अर्थ शाळेत न गेलेल्यालाही कळला असता. पण हे काम सुटलं तर बार्बांना टेकडी चढायला कारण काय उरणार?

"बार्बा, सूप गरम आहे," नेव्हिया म्हणाली. "घ्या ना. तोवर मी वाचते."

"वाटीभर सूप देऊन माझी खुर्ची घेतेस होय गं, चोरटे?"

आम्ही हसलो, गरजेपेक्षा जरा जास्तच.

"अर्धा तास उरलाय," मी म्हणाले.

बार्बा घड्याळाकडे वाकले. आणखी वाकले. नाक काचेला टेकलं. शटर उघडलं, मिटलं. त्यांनी काहीच वाचलं नाही. फोटो वाया गेला.

नेव्हियानं वायरीला हात घातला.

"सोड ती वायर, पोरी," बार्बा म्हणाले आणि खुर्चीवरून उठले. "बस इथे. तीन कुठला आणि आठ कुठला, मला आता दिसत नाही."