पहिली वाटी

धामणगाव बढे इथं पुंजाजीची जीभ म्हणजे गावाचा दागिना होता, आणि हा दागिना मिरवायला पुंजाजी कधी लाजला नाही. तरुणपणी एका लग्नात वरणाचा पहिला घास तोंडात घालून त्यानं सांगितलं होतं, की ही डाळ घरच्या आडाच्या पाण्यात शिजलेली नाही, मळ्यातल्या विहिरीचं पाणी आहे. चौकशी केली तर खरंच, आडाचा दोर तुटला म्हणून पाणी मळ्यातून आणलं होतं. तेव्हापासून गावात रीतच पडली. मारुतीचा भंडारा असो की कुणाचं लग्न, देवाचा नैवेद्य झाला की पहिली वाटी पुंजाजीपुढं यायची. तो चाखायचा, मिशी पुसायचा आणि म्हणायचा, "वाढा." मगच वाढपी पंगतीत फिरायचे. मीठ कमी असलं तर तो तेही खणखणीत आवाजात सांगायचा, आणि रांधणाऱ्याचं तोंड एवढंसं व्हायचं. दोन्ही गोष्टी तो सारख्याच आनंदानं करायचा, हे गावानं तेव्हाच ध्यानात घ्यायला हवं होतं.

सत्तरीकडं झुकला तसं पुंजाजीचं जेवणावरून मन उडालं. आधी त्यानं खापर फोडलं हायब्रीड ज्वारीवर. त्याच्या मुलानं, उत्तमरावानं, त्या साली नवं बियाणं पेरलं होतं आणि कणसं अशी भरली होती की शेजारीपाजारी बांधावर येऊन बघून जात. पुंजाजी म्हणायचा, पोत्यानं पिकते खरी, पण भाकरीला चव कुठं आहे? उत्तमरावानं गुपचूप गावरान ज्वारीचं दळण सुरू केलं. तरी म्हाताऱ्याचं रडगाणं तेच. मग त्यानं युरियाला धरलं, मग मिरचीला, मग गिरणीच्या तेलाला. सगळ्यांची पाळी संपल्यावर कोकिळेची आली.

कोकिळा ही उत्तमरावाची बायको, मोताळ्याच्या तुळशीरामाची लेक. तिच्या हातची वांग्याची भाजी खाऊन पाहुणे बोटं चाटायचे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी पुंजाजीनंच पारावर बसून सांगितलं होतं, की सून आणावी तर अशी. आता त्याच पारावर बसून तो सांगू लागला, की सुनेच्या हाताला चव राहिली नाही. बोलणाऱ्याचं काय जातं! ज्या जिभेनं विहीर ओळखली तिच्यावर शंका घेणार कोण? शेजारची चांगुणाबाई लग्नघरी भाजी करायची असली की आधी कोकिळेला हाक मारायची, ती मारेनाशी झाली. कोकिळेनं सासऱ्याशी वाद घातला नाही. तिनं स्वतःवरच संशय घेतला. चांगली झालेली भाजी ती पुन्हा फोडणीला टाकायची, बरोबर असलेल्या मिठात आणखी चिमूट घालायची, आणि अशानं तिचा हात खरोखरच बिघडायला लागला.

त्या वर्षी मारुतीच्या भंडाऱ्याचा मान पुंजाजीच्या घरी आला होता. बाजार करायला म्हणून तो मोताळ्याला गेला. बैलगाडीत सोबतीला त्याचा लहानपणचा दोस्त दयाराम होता. निघताना गोजरबाईनं, म्हणजे पुंजाजीच्या बायकोनं, बजावलं होतं की घासलेटाची बाटली वेगळी ठेवा. बायकोचं ऐकलं तर तो पुंजाजी कसला! त्यानं बाटली गुळाच्या भेलीसोबत एकाच पिशवीत कोंबली.

परतताना निंबाच्या सावलीत बैल सोडले. पाण्याआधी तोंड गोड करावं म्हणून पुंजाजीनं भेलीचा कोपरा फोडला, मोठा खडा तोंडात टाकला आणि वर लोटाभर पाणी प्याला. घशात जरा खवखवलं. हल्लीच्या उसाला पूर्वीची सर नाही, सगळा युरियाचा खेळ, असं म्हणत त्यानं दुसरा खडा दयारामाला दिला. दयारामानं तो तोंडात टाकला आणि तसाच थुंकला.

"घासलेट चारून राह्यला का बे मले?"

पिशवी उघडून पाहिली तर बाटलीचं बूच निसटलं होतं आणि अर्धी भेली भिजून काळी पडली होती. दयाराम म्हणाला की वास रस्त्यापलीकडं जातो आहे. तो पोट धरून हसत होता. हसता हसता त्यानं पुंजाजीकडं पाहिलं आणि त्याचं हसू थांबलं. तू तर आख्खा खडा खाल्लास ना, असं त्यानं हळूच विचारलं. पुंजाजीनं मान हलवली आणि उठून बैल जुंपले.

दुसऱ्या दिवशी घरातली माणसं शेतात गेली तसा पुंजाजी स्वयंपाकघरात शिरला. हिंगाची डबी उघडून त्यानं नाकाला लावली. काही नाही. लसूण ठेचली, जिरं तळहातावर चोळलं, काही नाही. मिठाचा खडा जिभेवर ठेवला तेव्हा कुठून तरी लांबून हाक आल्यासारखं वाटलं, आणि तीही विरून गेली. मिरची तेवढी झोंबली, पण ती झोंबली म्हणजे नुसतीच झोंबली, तिच्यात मिरची नव्हती. तो डब्यामागून डबा उघडत गेला. वळून पाहतो तर दारात गोजरबाई. चोरून दूध पिताना सापडलेल्या मांजरासारखा तो जागीच थिजला.

गोजरबाईला सांगावं लागलं नाही. महिन्यापूर्वी चुलीवरचं दूध करपून घरभर धूर झाला, तेव्हा हा माणूस शेजारी बसून निवांत सुतळी वळत होता. तिला तेव्हाच कळलं होतं. ती खाली बसली, उघडे डबे एकेक करून लावले आणि म्हणाली, झाकली मूठ सव्वा लाखाची. भंडाऱ्याला ती त्याच्या समोर उभी राहील. नैवेद्यानंतर ती आधी चाखेल. डोक्यावर पदर असला तर त्यानं "वाढा" म्हणायचं, कमरेला खोचलेला असला तर मीठ कमी आहे म्हणून सांगायचं.

"माही जीभ काय अन् तुमची काय, एकाच चुलीवरच्या हायेत," ती म्हणाली.

पुंजाजीच्या जिवात जीव आला. मग त्याला सून आठवली आणि त्यानं विचारलं, कोकिळेचं काय? गोजरबाई म्हणाली की सुनांनी ऐकून घ्यायचंच असतं, आपण नाही का जन्मभर घेतलं. तिला जन्मभर ऐकवणारा तोच होता. लाज वाटली त्याला. पण लाज झाकायला पदर मिळाला होता, आणि त्यानं तो घेतला. पारावर सुनेला नावं ठेवणं त्यानं बंद केलं, एवढंच. आधी जे बोलून ठेवलं होतं ते मात्र त्यानं परत घेतलं नाही.

भंडाऱ्याच्या दिवशी देवळामागं गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत कणकेचे जाड रोडगे भाजत होते आणि मोठ्या कढईत वांग्याची भाजी रटरटत होती. देवाला दाखवण्याआधी अन्न उष्टं करायचं नाही, म्हणून चाखायची सोय नाही. मीठ अंदाजानं पडणार, आणि ते घालायचा मान ज्याच्या घरचा भंडारा त्याच्या सुनेचा. जास्त पडलं तर परत काढता येत नाही, सगळं गाव तेच खाणार. मोताळ्याहून कोकिळेचे वडील मुद्दाम आले होते. लेकीच्या हातून मीठ पडताना पाहावं म्हणून तुळशीराम नवा फेटा बांधून कढईजवळच उभा होता.

मिठाची परात आली आणि कोकिळा मागं सरली. चांगुणाबाईला म्हणाली, काकू, तुमी टाका.

"काऊन वं?" चांगुणाबाईनं विचारलं.

"माह्या हाताले चव नाई राह्यली. मामाजीच म्हनतात."

तिच्या बोलण्यात सासऱ्यावर राग नव्हता. आज ऊन फार आहे म्हणावं तसं ती म्हणाली. तुळशीरामानं लेकीकडं पाहिलं नाही, व्याह्याकडंही पाहिलं नाही. तो काठीच्या टोकानं पायाजवळची माती उकरत राहिला. चांगुणाबाईनं परात हातात घेतली. समोर गोजरबाई डोक्यावर पदर घेऊन ठरल्या जागी उभी होती.

पुंजाजीला सगळं लख्ख दिसलं. चांगुणाबाई मीठ घालणार, तो पदर बघून "वाढा" म्हणणार, लोक भाजीची तारीफ करणार. त्याची जीभ शाबूत राहणार, चांगुणाबाईचं नाव होणार, आणि सुनेच्या कपाळावर त्यानंच लावलेला डाग कायमचा पक्का होणार. तेही तिच्या बापासमोर. पुंजाजी पुढं झाला आणि चांगुणाबाईच्या हातातली परात त्यानं काढून घेतली.

"ऐका रे सारे जन," तो म्हणाला. आवाज तोच होता, ज्या आवाजात तो आयुष्यभर "वाढा" म्हणत आला होता. "माही जीभ मेली. नाकबी गेलं. घासलेटात भिजलेला गूळ खाल्ला मी, अन् मले पत्ता नाई लागला. दयारामले इचारा. चव गेली थे माही गेली. माह्या सुनेच्या हाताची नाई गेली."

सगळ्यांच्या माना दयारामाकडं वळल्या. दयाराम म्हणाला, खरं आहे. आणि दयारामच तो, पुढं म्हणाला की मलाही चारला. लोक हसले. पुंजाजीला ते लागलं, पण त्यानं मान खाली घातली नाही. वाढपी, भजनी, पारावरची सगळी मंडळी, एकेकाच्या डोळ्याला डोळा भिडवून तो उभा राहिला. एवढा ताठ तो विहीर ओळखली त्या दिवशीही उभा राहिला नव्हता. मग त्यानं परात कोकिळेपुढं धरली.

"टाक माय मीठ."

"बिघडलं तं, मामाजी?"

"बिघडलं तं गाव एक दिवस खारं खाईन. तू टाक."

कोकिळेनं ओंजळ भरली. कढईकडं पाहिलं, थोडं परातीत परत सोडलं, आणि बाकीचं सगळीकडून फिरवून घातलं. पुन्हा एक मूठ घेतली, तीही घातली. तिसऱ्यांदा हात परातीकडं गेला आणि अर्ध्यातून मागं आला. एरवी हाच हात तिला थांबवता येत नव्हता. समोर गोजरबाईनं डोळ्याला पदर लावला होता, आणि त्या खुणेचा अर्थ ठरलेल्यापैकी कुठलाच नव्हता.

नैवेद्य झाला. वाढप्यांचा म्होरक्या जानराव सवयीनं पहिली वाटी घेऊन पुंजाजीपुढं आला. पुंजाजीनं बोट दाखवलं.

"थिकडं ने. आजपासून पह्यली वाटी तिची."

सगळ्या गावासमोर कोकिळेनं भाजी चाखली. मग खाली बघूनच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "वाढा."

पंगत बसली. पुंजाजी व्याह्याशेजारी बसला. त्यानं रोडगा कुस्करला, भाजी ओढली, घास घेतला. गरम होतं, मऊ होतं, बाकी काही नव्हतं. त्याचं मन भरून आलं, पण जेवण थांबवायला तो काही पोर नव्हता. तो तुळशीरामाकडं कलला आणि म्हणाला, "कशी झाली, सांगा ना इवाई. मले कानानं खाऊ द्या."

तुळशीरामानं घास नीट चावला. "पह्यले तिखट लागते," तो म्हणाला. "मंग भाजलेले शेंगदाने. मंग वांगं असं इरघळते का रोडगा कुठं सरला अन् भाजी कुठं लागली, समजत नाई."

"अन् मीठ?"

"मिठाची यादच येत नाई. म्हंजे बराबर हाय." तुळशीरामानं फेटा सारखा केला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायची त्याला गरज वाटत नव्हती. "पोरगी कोनाची हाय शेवटी!"

पुंजाजीनं जानरावाला हाक मारून पत्रावळीवर तिसऱ्यांदा भाजी घेतली. मिशी पुसली, आणि पंगतीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"पोरगी तुमची असन, इवाई. पन सून कोनाची हाय?"