पुस्तकातलं पाणी

सगळा देश मोकळा झाला, त्याच वर्षी या बंदरातल्या व्यापारी मंडळींनी कंपनीशी आणखी दीडशे वर्षांचा करार केला. त्यामुळे कंपनी गेलीच नाही. निशाण कंपनीचं, घड्याळ कंपनीचं आणि भरतीचं पुस्तकही कंपनीचंच. ते समुद्रापलीकडे छापलं जाई. कुठल्या दिवशी किती वाजता किती पाणी चढेल ते त्यात लिहिलेलं असे, आणि त्याच हिशेबाने जहाजं आत घेत.

धक्क्याच्या टोकाशी खुणांचा खांब होता. तिथे पाणी मोजणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे मोजणीकाका म्हणत. खाडीच्या तोंडाशी गाळ साचून भरती आता तासभर उशिरा येई. काकांनी पुस्तक सुधारा म्हणून अकरा अर्ज पलीकडे धाडले. उत्तर एकाचंच आलं : ‘पाणी पुस्तकाप्रमाणे राहील याची दक्षता घ्यावी.’

आज अकराच्या जहाजाने काकांची लेक येत होती, सात वर्षांनी.

साडेदहाला काकांनी खांब पाहिला. पाणी पुस्तकापेक्षा दोन हात कमी. ते तडक बंदरसाहेबाकडे गेले. साहेब काकांच्या मावसभावाचा मुलगा. पण खुर्चीत बसला की नातं खुंटीला टांगायचा.

“साहेब, जहाज तासभर बाहेर थांबवा. तळ टेकेल.”

“पुस्तकात किती आहे?”

“पुस्तकात भरपूर आहे हो. समुद्रात नाही.”

“काका, वर्षानुवर्षं तुमचं हेच रडगाणं. एक तरी जहाज रुतलं का?”

“ती लहान होती! हे केवढं धूड आहे. आणि माझी पोर आहे त्यात.”

“असं होय! पोरीच्या काळजीपोटी कंपनीचं पुस्तक खोटं?”

साहेबाने कागदात डोकं घातलं. काका बाहेर पडले आणि कुरकुरत्या गुडघ्यांनी निशाणाच्या मनोऱ्यावर चढले.

“दोर इकडे दे,” ते निशाणवाल्याला म्हणाले.

“काका, नोकरी जाईल!”

“माझी जाईल. तू हो बाजूला.”

त्यांनी ‘थांबा’चा काळा गोळा वर चढवला आणि दोरावर बसकण मारली. खालून साहेब ओरडत राहिला. दूरवर जहाज थबकलं.

पाणी पुरेसं चढायला बारा वाजून गेले. मग काकांनीच गोळा उतरवला, आणि जहाज ओरखडाही न उमटता धक्क्याला लागलं.

“बघा,” साहेब म्हणाला, “झालं का काही?”

“थांबवलं म्हणून नाही झालं!”

“नाही झालं ना? तेवढंच लिहितो. उगाच खोळंबा केलात. उद्यापासून खांबाकडे फिरकू नका.”

जहाज रुतलं असतं तर काका खरे ठरले असते. आणि तसं झालं असतं तर बरं, असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

लेक उतरली ती घामाघूम, कपाळाला आठ्या.

“बाबा, घर समोर दिसतंय आणि तासभर तिथे उन्हात डुलत बसलोय! कोण शहाणा तो गोळा टांगून बसला होता?”

काकांनी तिला सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं.

“बाबा,” ती म्हणाली, “आधी ट्रंक धरा.”