दुसरा ब्रेक

गाडी शिकवणाऱ्या माणसाच्या पायाखाली एक जास्तीचा ब्रेक असतो. शिकणारा चुकला की तो दाबायचा, हे कोणीही सांगेल. कधी दाबायचा नाही, हे कळायला मात्र या मास्तराला चार-पाच वर्षं लागली. समोर कुत्रं आलं, शिकणाऱ्याला ते दिसलं, त्याचा पाय हलला. तेवढ्यात आपण दाबला तर गाडी थांबते, पण माणूस जन्माचा घाबरट होतो. म्हणून पापणी लवेल एवढंच थांबायचं. त्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमधले बाकीचे मास्तर पहिल्या दिवसापासून ब्रेकवर थयथयाट करत. हा थांबायचा. एकोणीस वर्षांत गाडीला चार ओरखडे आले होते आणि चारही त्याला तोंडपाठ होते.

सध्या त्याच्याकडे एक बाई शिकत होत्या. ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या. नवरा गेल्यावर दारातली गाडी विकावी की शिकावी, या विचारात त्यांनी वर्ष काढलं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी स्टिअरिंग असं घट्ट धरलं, की सोडलं तर ते पळूनच जाईल. तास संपला की उतरताना विचारायच्या, "आज दाबलात का हो तुम्ही?"

"नाही."

दोन महिने हे एकच उत्तर होतं. ते ऐकून बाई खुशीत घरी जायच्या, आणि खरं सांगायचं तर तोही.

संध्याकाळी तो ड्रम वाजवायचा. चौघांचा बँड होता, नाव 'झोपाळू मासे'. एक गाणारी, गिटारवर तिचा नवरा आणि कीबोर्डवर एक चष्मेवाला. त्याला सगळे प्रोफेसर म्हणत, कारण त्यानं कॉलेज अर्धवट सोडलं होतं. तिघंही तिशीच्या आसपासची. हा सेहेचाळीसचा, म्हणून दादा. गाणी अशी, की गिटार पाण्याखालून आल्यासारखी, मधेच उलटे फिरवलेले आवाज, आणि शब्दांत चंद्राला पायऱ्या नाहीतर माशांना स्वप्नं. त्याला निम्मं डोक्यावरून जायचं. पण ठेका त्याचा होता, आणि तो ठेका किंचित मागून यायचा. दिवसभर पायात मुरलेला थांबा संध्याकाळी कुठे जाणार?

गाणारी एकदा म्हणाली होती, "दादा, तू वाजवतोस ना, तेव्हा झोका मागे जाऊन परत यायची वाट बघतेय असं वाटतं."

हे वाक्य त्यानं सहा वर्षं जपलं होतं. दुसरं जपायला होतं काय? लग्न आधी जमलं नाही, मग त्यानं जमवलं नाही. एक बहीण होती, ती दूरच्या गावी, आणि फोनवर निम्मा वेळ तिच्याच मुलांवर ओरडत असायची.

पहिला अल्बम करायचं ठरलं तेव्हा त्याचं काम दोन दिवसांत झालं. नऊ गाणी वाजवली, हात धुतले, घरी आला. मग तिघं सात महिने त्यावर बसली. तो अधूनमधून फोन करून विचारायचा, "येऊ का मी?"

"अरे, तुझं झालंय की दादा. तू आराम कर."

त्यानं आराम केला. आराम करण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

अल्बमची तबकडी पाकिटातून आली त्या रविवारी त्यानं खोली झाडली, दोन्ही खुर्च्या पुसल्या आणि मग आपल्यालाच हसू येऊन एका खुर्चीत बसला. पाकिटावर मासे छतावर झोपले होते. मागे चौथ्या ओळीत 'ड्रम: दादा' असं छापलं होतं. ते त्यानं तीनदा वाचलं.

पहिलं गाणं सुरू झालं. झांज त्याचीच होती, कडेला चीर गेलेली, तिचा फाटका आवाज त्यानं झोपेतही ओळखला असता. ढोलही त्याचा. पण वाजवणारा तो नव्हता. ठोका जिथे किंचित मागे रेंगाळायला हवा, तिथे तो काट्यावर पडत होता. दुसरं गाणं, तिसरं गाणं, तेच. नऊही गाण्यांत तो आपल्याला शोधत राहिला आणि कुठेच सापडला नाही. त्याला फार एकटं वाटलं. रिकाम्या खोलीची त्याला सवय होती, पण हे वेगळं होतं.

बहिणीला फोनवर एक गाणं ऐकवलं. ती म्हणाली, "काय रे छान! अगदी खऱ्या बँडसारखं वाटतंय."

सरावाच्या दिवशी त्यानं विषय काढला. गिटारवाला तारा जुळवण्यात एकदम गुंग झाला. प्रोफेसरनं चष्मा पुसला.

"तुझेच ठोके आहेत दादा. एकही बाहेरचा नाही. फक्त कॉम्प्युटरवर एकेक उचलून जागेवर बसवला."

"ते जागेवरच होते."

"थोडे मागे होते. प्रत्येक गाण्यात."

गाणारी जवळ आली. "रागावलास? तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही रे."

म्हणजे वाईट वाटणार हे ठाऊक होतं. हे त्याच्या ओठांवर आलं आणि तो झांजेचा स्क्रू घट्ट करू लागला. बोललो आणि ही तिघंही गेली तर संध्याकाळचं करायचं काय, एवढाच हिशेब त्याच्या डोक्यात होता.

"आता कार्यक्रमाला लोक रेकॉर्ड ऐकून येणार," प्रोफेसर म्हणाला. "तसंच वाजायला हवं. कानात टिकटिक लावून वाजव. नाही जमलं तर ठोके यंत्रावरून सोडू, तू नुसता बसलास तरी चालेल."

नुसतं बसणं! पुढचे बारा दिवस तो घरी उशीवर काठ्या आपटत राहिला, कानात टिकटिक आणि समोर ती तबकडी. स्वतःचीच नक्कल करायची होती, तीही दुरुस्त केलेल्या स्वतःची. ठोक्याआधीचा तो थांबा पायातून काढता काढता त्याच्या पोटऱ्या भरून आल्या. अकराव्या दिवशी तो थांबा गेला. दात पडल्यावर जीभ जाते तसा तो पुन्हा पुन्हा त्या जागी जाऊन बघत होता. तिथे काही नव्हतं.

कार्यक्रम झकास झाला. सभागृह भरलेलं, पुढच्या रांगेतली पोरं गाणी पाठ म्हणत होती. नऊ गाण्यांत एकही ठोका हलला नाही. पडद्यामागे गाणारीनं त्याला मिठी मारली.

"दादा, काय वाजवलंस! अगदी रेकॉर्डसारखं!"

तिचे डोळे आनंदानं भरले होते. सहा वर्षांपूर्वीचं वाक्य तिला आठवत नव्हतं, आणि त्याला तिचा रागही आला नाही. त्याला रडू आलं. तिला वाटलं, यशाचं. मग तिघं कोणाकोणाला भेटायला पुढे गेली आणि तो ड्रमचे स्क्रू सोडवत बसला. ते काम नेहमीच सगळ्यांत शेवटी संपायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा तास होता. बाई खुशीत होत्या, परीक्षा आठवड्यावर आली होती. बाजाराच्या रस्त्याला एक कुत्रं फुटपाथवरून खाली उतरलं. बाईंनी ते पाहिलं. त्यांचा पाय उचलला गेल्याचं त्यानंही पाहिलं.

गाडी थांबली. ब्रेक त्यानं दाबला होता. कुत्रं बऱ्याच लांबून, आरामात पलीकडे गेलं.

"मी दाबतच होते," बाई म्हणाल्या.

"हो."

"तुम्ही थांबायचात हो. दोन महिन्यांत एकदाही नाही दाबलात." त्यांनी काचेतून समोर पाहिलं. "माझं फार चुकलं का?"

"नाही बाई. चूक माझी. तुमचं बरोबर होतं."

"मग दाबलात कशाला?"

"चला," तो म्हणाला, "पुन्हा घेऊ."

गाडी सुरू झाली. पुढच्या चौकात दिवा लाल झाला. त्यानं दोन्ही पाय मागे ओढून खुर्चीखाली घेतले आणि थांबला. दिवा जवळ येत होता. बाईंचा पाय ब्रेककडे गेलाच नाही. त्या त्याच्या पायांकडे बघत होत्या, तो कधी दाबतोय याची वाट बघत.

त्यानं पाय पुढे घेतला आणि दाबला.