मनगटाचा नवस

पेणच्या हैबतरावांच्या गणपती कारखान्यात महिपती बावीस वर्षं एकच काम करत होता, मूर्तींचे डोळे आखायचं. माती मळणारे वेगळे, साच्यातून मूर्ती काढणारे वेगळे, अंगाला रंग देणारे वेगळे. सगळ्यांचं उरकलं की मूर्ती महिपतीपुढे यायची. तो श्वास रोखायचा आणि अगदी बारीक ब्रशनं भुवया, पापण्या, बुबुळं उतरवायचा. डोळे लागले की देव, तोवर नुसता शाडू, असं तो प्रत्येक नव्या कामगाराला आवर्जून सांगायचा. जुन्यांनाही सांगायचा, पण त्यांनी ऐकणं कधीच सोडलं होतं.

त्या वर्षी आषाढात त्याच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कळ यायला लागली. आधी त्यानं हवेला दोष दिला, मग उशीला, मग बायकोनं केलेल्या वांग्याच्या भाजीला. तेल झालं, लेप झाला. शेवटी चहाचा कप हातातून सुटला आणि गणपतीला डोळे देणारा हा माणूस रोज सकाळी बायकोकडून शर्टाची बटणं लावून घेऊ लागला.

"डाक्तरला दाखवा हात," हौसा शेवटचं बटण लावता लावता म्हणाली.

"पेणात दाखवू? संध्याकाळपातुर शेठला कळंल."

शेठला कळलं की डोळ्यांचं काम नाथाकडे जाणार, ही महिपतीची खरी धास्ती. नाथा त्याच्याहून दहा वर्षांनी लहान, मूर्तींच्या सोवळ्याचे काठ रंगवायचा आणि डोळे मिळतील म्हणून आठ वर्षं निमूट वाट बघत होता. एकदा त्यानं सरावाला चार डोळे आखले, तेव्हा महिपती सगळ्यांदेखत म्हणाला होता, "झोपेतनं उठवलेल्या तलाठ्याचे डोळे हायत हे." कारखाना हसला होता, नाथाही हसला होता. महिपतीला ते वाक्य इतकं आवडलं की पुढे वर्षभर तो ते वापरत राहिला.

म्हणून मग तो मावसभावाला बघून येतो असं सांगून एसटीनं रोह्याला गेला. तिथे डॉक्टर फरझानाबाईंचा हाडांचा दवाखाना होता. बाईंनी त्याला अंगठा मुठीत धरायला लावला आणि मूठ हळूच खाली वाकवली. महिपतीनं एका दमात पाच देवांची नावं घेतली.

"काम काय करता?"

"डोळे आखतो, गणपतीचे," महिपती छाती काढून म्हणाला.

"दिवसाला किती?"

हा हिशेब त्यानं कधी केलाच नव्हता. साठ मूर्ती, एकशेवीस डोळे, एकेका डोळ्याला आठ-दहा फटकारे. आकडा हजारापुढे गेला तसा त्याचा आवाज खाली आला.

"मग अंगठा अजून जागेवर आहे हेच नवल," बाई म्हणाल्या. "एकच हालचाल सारखी करून नसा सुजल्यात. हा पट्टा दिवसरात्र बांधायचा, आणि तीन आठवडे ब्रशला हात लावायचा नाही."

गणपतीला पाच आठवडे उरले होते. महिपतीनं आपल्या बुद्धीप्रमाणे मधला मार्ग काढला. पट्टा घेतला, गोळ्या घेतल्या, विश्रांती तेवढी दवाखान्यात ठेवून आला.

पट्टा दिसू नये म्हणून त्यावर त्यानं लाल फडकं गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी हैबतरावांनी ते बघितलंच.

"महिपती, हे काय बांधलंस?"

"नवस हाय, शेठ."

"कसला रे?"

"सांगितला तर फळत नाय."

आपल्या तोंडून हे इतकं झरझर कसं निघालं याचं महिपतीलाच आश्चर्य वाटलं. हैबतराव मात्र गहिवरले. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगू लागले, आमचा आखणीवाला हाताला नवस बांधून डोळे काढतो. पट्ट्यामुळे आणि गोळ्यांमुळे हात कसाबसा चालू लागला होता, त्यामुळे नवसाचं तेज आणखीच वाढलं. गागोद्याहून घरचा गणपती ठरवायला आलेल्या एका म्हातारीनं तर त्याचा तोच हात दोन्ही हातांत पकडून कपाळाला घट्ट लावला. महिपतीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"बगा कसा थरथरतो," म्हातारी भक्तीनं म्हणाली. "देवाचा हात हाय."

आठवड्याभरात साचेवाल्या बाबाजीच्या मनगटावर लाल फडकं आलं. मग रंग देणाऱ्या शिवाच्या. मग नाथाच्याही. कुणाला विचारलं तर उत्तर ठरलेलं, सांगितला तर फळत नाय. महिपतीला आधी संताप आला. नवस आपला, आणि हे फुकट वाटून घेतात! पण तक्रार करणार कुठल्या तोंडानं? तो गप्प राहून डोळे काढत राहिला.

सगळ्यांत घट्ट बांधलं होतं सरूनं. ती मूर्तींची नखं आणि दागिने रंगवायची, महिपतीच्या शेजारच्याच पाटावर बसायची. जुन्या लुगड्याचा काठ फाडून तिनं मनगटाला सात वेढे घातले होते. एका बुधवारी दुपारी तिच्या हातातून ब्रश तीनदा पडला. तिनं काठ सोडला तेव्हा महिपतीनं बघितलं. मनगट सुजून टम्म झालं होतं, कापडाचे वळ मांसात रुतले होते आणि अंगठा काही केल्या सरळ होईना.

"कधीपासनं हाय गो हे?"

"उन्हाळ्यापासनं. सोडा दादा, नवस हाय ना बांधलेला," सरू म्हणाली आणि डाव्या हातानं पुन्हा वेढे घालू लागली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता रोह्याच्या एका मंडळाची माणसं त्यांची मोठी मूर्ती बघायला येणार होती आणि तिचे डोळे अजून राहिले होते. सरूला एकटीलाच दवाखान्याचा पत्ता द्यावा असं महिपतीच्या मनात येऊन गेलं. आपण बरोबर गेलो तर बाई ओळखणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण रात्री त्याला ते वळच दिसत राहिले. सकाळी पहिल्या एसटीनं तो तिला घेऊन निघाला.

फरझानाबाईंनी सरूचा हात बराच वेळ बघितला. दोन महिने काम बंद, आणि तरी नाही उतरलं तर छोटं ऑपरेशन करावं लागेल, म्हणाल्या. मग त्यांची नजर महिपतीकडे वळली.

"आणि तुमच्या पट्ट्यावर हा झेंडा कशाला लावलाय? विश्रांती घेतलीत का तुम्ही?"

सरू एकदा बाईंकडे बघत होती, एकदा त्याच्या मनगटाकडे.

"तुम्ही इथं येऊन गेलाव, दादा?"

"व्हय."

"मंग नवस?"

"नवस नव्हता गो. पट्टा होता."

"मी इतके दिस देवाशी भांडत होते," ती म्हणाली. "त्याला म्हनायची, महिपतीदादाचं ऐकतोस. त्यांनी बांधलं नि त्यांचा हात चालाया लागला. माझंच का नाय ऐकत? मी कुठं कमी पडले? मंग आणखी एक वेढा घालायची."

महिपतीला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर त्यानं त्या आनंदानं घेतल्या असत्या. पण ती शिव्या देत नव्हती, ठणकणाऱ्या हातावर नवा पट्टा बांधून घेत होती.

दोन वाजता दोघं कारखान्यात पोचली. महिपतीनं हैबतरावांसमोरच सगळ्यांना काम थांबवायला सांगितलं आणि मनगटावरचं लाल फडकं सोडलं. आत पट्टा होता.

"नवसबिवस काय नाय. माझा अंगठा गेलाय, दीड महिना झाला. शेठला कळू नये म्हणून खोटं बोललो. माझ्या पायी ही पोरगी हात घालवून बसली."

मग बाबाजीनं आपलं फडकं सोडलं. "माझी कळ कोपरापातुर जाते," तो म्हणाला. शिवानं सांगितलं की त्याच्या दोन बोटांना रात्री मुंग्या येतात. एकेक फडकं सुटत गेलं आणि प्रत्येकाखालून काही ना काही दुखणं निघालं. नाथा तेवढा तसाच उभा होता.

"तुझं काय?" हैबतरावांनी विचारलं.

"माझं काय दुखत नाय शेठ. मला वाटलं कारखान्याचा नवस हाय, म्हणून बांधलं."

हैबतरावांनी कपाळावर हात मारला. "अख्ख्या कारखान्यात एक हात धड, तो नाथाचा! ये बाबा, तूच बस."

नाथा मोठ्या मूर्तीपुढे बसला. महिपती बाजूला बसून बघत होता, आणि खरं सांगायचं तर एखादी रेघ चुकावी म्हणून मनातल्या मनात देवाला आळवत होता. नुकतंच सगळ्यांपुढे खोटं कबूल करून हलका झालेला माणूस दहा मिनिटांत पुन्हा त्याच वाटेला लागला होता. नाथा सावकाश आखत होता. डावी पापणी झाली, उजवी झाली, बुबुळं झाली. महिपतीनं जवळ जाऊन खोट शोधली, लांब जाऊन शोधली. मूर्ती त्याच्याकडे शांतपणे बघत होती.

चार वाजता मंडळाची माणसं आली. त्यांचे अध्यक्ष मूर्तीपुढे उभे राहिले आणि त्यांचे हात आपोआप जोडले गेले.

"वा, महिपतराव!" ते वळून म्हणाले. "ओळखला ना हात! असे डोळे दुसऱ्या कुणाला जमायचे नायत."

हैबतराव खोकले आणि मूर्तीच्या सोंडेकडे बघू लागले. त्यांना ते सोयीचंच होतं. नाथा मान खाली घालून ब्रश धूत होता, गेली आठ वर्षं धूत होता तसाच. सरू महिपतीकडे बघत होती. दुपारी दुखणं सांगताना महिपतीला इतकं जड गेलं नव्हतं. मोडका हात कबूल करता येतो, त्याची निदान कुणाला कीव येते.

"डोळे नाथानं आखलेत," तो म्हणाला. आवाज फारच बारीक आला होता. अध्यक्षांनी "काय?" म्हणून विचारलं, तेव्हा त्याला ते पुन्हा एकदा, सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल असं, मोठ्यानं म्हणावं लागलं.