अंगठ्याखालचा सिनेमा

मी रिमोट बोलतोय. चापट मारू नका, सेल नवे आहेत.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, लोकांना जग दाखवीन. या घरात आलो आणि बाबांच्या मुठीत अडकलो. दुकानातलं प्लास्टिक अजून अंगावर आहे. वस्तू जपायच्या, माणसं नाही जपली तरी चालतं, असा यांचा खाक्या.

बाबांना जुनेच सिनेमे लागतात. "तेव्हाचे सिनेमे म्हणजे सोनं! आता नुसता गोंगाट." मध्यंतरानंतर स्वतः घोरतात, हे सांगायची सोय नाही. पडद्यावरच्या आंधळ्या आईला शेवटी दिसायला लागलं की यांचे डोळे भरतात. घरातली आई कधीची चष्मा बदलायचा म्हणतेय, ते कानावर पडत नाही. आणि याच सोन्यापायी आजोबांनी एकदा यांच्या कानाखाली जाळ काढला होता, 'थिल्लर' म्हणून. आत्या आली की हसत हसत सांगते. बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात.

मुलगीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. जुना सिनेमा लागला की "शी, रडारड!" म्हणत बदलून टाकते. पण तिने कॉलेज सोडून स्वतःचा एक छोटा सिनेमा केला आणि घर पेटलं. शेवटी बाबांनी पैज लावली. "मला शेवटपर्यंत बघवला, तर कर काय करायचं ते. मध्येच बंद केला, तर मुकाट्याने परत कॉलेज."

रविवारी दुपारी तिघं बसले. बाबांचा अंगठा माझ्या लाल बटणावर.

सिनेमात आई होती. हीच, घरातली. ओट्याशी भाजी चिरत होती. गाणं नाही, संवाद नाही.

"काही घडणार आहे का यात?"

"घडतंय की," आई म्हणाली. "भाजी चिरतेय मी."

"ते रोजच चालतं."

"मग आज बघा तरी."

अंगठा घामेजला. पडद्यावरच्या आईने सुरी ठेवली आणि ती खिडकीबाहेर बघत राहिली. बघतच राहिली. बाबांना ते झेपेना. जन्मात पहिल्यांदा वाटलं, माझे सेल संपावेत. नाही संपले. त्यांनी बटण दाबलं. टीव्ही काळा.

"झालं," बाबा म्हणाले. "उद्यापासून कॉलेज."

मुलगी उठली. आईने हात पुढे केला. "द्या इकडे तो."

"अगं, पैज ठरली होती..."

"तुम्हा बापलेकीची. मला कुणी विचारलं होतं? कॉलेजात जायचं की नाही, ते ती ठरवेल. मी त्या खिडकीतून काय बघत होते, ते मला बघायचंय."

तुम्हाला एवढंच सांगतो: जुनं थोर की नवं, खुशाल भांडा. पण कुणाचा सिनेमा चालू असताना अंगठा रोखून बसू नका.

आता मी आईच्या मांडीवर आहे. मुलगी परत खाली बसली आहे. बाबा तरातरा निघाले होते, ते दारातच थांबलेत. पडद्यावर आई सुरी ठेवतेय.