परत दिलेला एक्का

सुचित्राताईंना कामोठ्यात येऊन आठ महिने झाले होते, आणि इतक्या दिवसांत त्यांचं सगळ्यात लांबलचक बोलणं व्हायचं ते कुरिअरवाल्याशी. नवरा गेल्यावर साताऱ्याचं घर बंद करून मुलानं, आशुतोषनं, त्यांना हौसेनं इथे आणलं. हौस खरी होती, वेळ नव्हता. तो आणि सून सकाळी ऐरोलीला ऑफिसात जात. दिवसभर ताई आणि फ्रिजची घरघर.

म्हणून लिफ्टमध्ये पुतळाबाईंनी, "पत्तं येतान का गो बाय तुला?" असं विचारलं तेव्हा ताई चक्क 'हो' म्हणाल्या. येत काही नव्हतं. माहेरी पत्त्यांना हात लावला तरी वडील डोळे वटारायचे.

पुतळाबाई पंचाहत्तरीच्या, इथल्याच. सोसायटी उभी होती ती त्यांच्याच भातशेतावर. थाप पहिल्याच डावात उघडी पडली. त्या पोट धरून हसल्या आणि शिकवायला बसल्या. खेळ सात-आठ, दोघांचाच.

"तीस पानं. पंधरा तुजी, पंधरा माजी. पिसनारीनं सात हात करायचं, दुसरीनं आठ, नी हुकूम तिनंच सांगायचा. जास्ती हात केलंस का फुडच्या डावाला माज्याकरची तेवरी पानं ओढायची, न बगता. नी बदल्यात तुज्याकरचा कचरा मला द्यायचा."

"आणि ओढलेलं पान चांगलं निघालं तर?"

"तं ठेवायचा नी मला रडवायचा!"

त्या दिवसापासून रोज तीनच्या ठोक्याला पुतळाबाई हजर. ताई रोज हरायच्या. हुकूम असताना कापायचं विसरायच्या, राजा उगाच आधी टाकायच्या, आणि पुतळाबाई यथेच्छ खेचायच्या. साठी उलटलेल्या बाईला कुणी 'येडी' म्हणावं आणि तिला ते गोड लागावं, अशी गत. ताई अडीचलाच चहाचं आधण ठेवून दाराकडे कान लावून बसायच्या. माणसाला माणूस लागतं, दुसरं काय.

दोन महिन्यांनी एका दुपारी ताईंनी सातऐवजी आठ हात केले. एक हात वरचढ! त्यांना टाळी द्यावीशी वाटली. पण समोर पुतळाबाई गप्प. ना शिवी, ना थट्टा. मान खाली घालून त्या पुढच्या डावाचे पत्ते वाटू लागल्या. ताईंच्या मनात आलं, बाई रुसली आणि उद्या आलीच नाही तर?

ताईंनी हुकूम इस्पिक सांगितला. पुतळाबाईंनी पानांचा पंखा पुढे केला. ताईंनी एक पान ओढलं. इस्पिकचा एक्का! ताईंच्या हातात बदामाची अठ्ठी होती, अगदी देण्यासारखा कचरा. ताईंनी एक्काच परत दिला.

पुतळाबाईंनी तो पाहिला. सगळी पानं उपडी ठेवली, गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी तीन वाजून गेले. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी ताई स्वतःच तिसऱ्या मजल्यावर पुतळाबाईंच्या घरी गेल्या.

"चुकलं माझं, पुतळाबाई. तुम्हाला वाईट वाटलं असं वाटलं मला."

"वाईट?" पुतळाबाई दारातच उभ्या होत्या. "माजा मालक नामा व्हता तवर चालीस वरसं खेललू आमी. नामानं कवा येक हात सोरला नाय. दमा लागला तरी माजी पानं ओढायचा. तो गेला, नी आता पोरगा हरतं, सून हरतं, नातूपन हरतं. म्हातारीला बरं वाटंल म्हनून. तू तेवरी खरी हरायचीस, बाय. त्या दिवशी तू जिकलीस, नी मना नामाची आठवन झाली. बोलाया झालाच नाय."

ताईंना रडू आवरेना. "आता नाही हो सोडणार. चला, आत्ता खेळू. खरं खेळेन मी."

पुतळाबाईंनी त्यांचा हात हातात घेतला. राग कुठेच नव्हता, आणि तेच वाईट होतं.

"खेलशील गो. पन आता मी जिकलू तं मना कसा कलंल, का मीच जिकलू?"

पुतळाबाईंनी त्यांना आत बोलावलं, चहा केला. टाकीच्या पाण्यावर आणि लिफ्टच्या दुरुस्तीवर दोघी जरा बोलल्या. कप रिकामा झाल्यावर ताई उठल्या. 'उद्या ये' असं पुतळाबाई म्हणाल्या नाहीत, आणि ताईंनीही विचारलं नाही.